‘एपिक’ ऐकायची कशी? नव्या श्रोत्यांसाठी पायरी-पायरीने

रील्स चाळताना कुठेतरी अर्ध्या मिनिटाचा तुकडा कानावर पडतो. समुद्राचा देव कुणाला तरी पाण्यात उतर म्हणून दरडावतोय, मागे ट्रम्पेट वाजतोय आणि खाली प्रतिक्रियांमध्ये लोक हमसून रडल्याच्या गप्पा मारताहेत. ‘एपिक: द म्युझिकल’कडे येणाऱ्या बऱ्याच जणांची सुरुवात अशीच होते. मग माणूस तेवढं एक गाणं शोधतो, ऐकतो, ‘बरं आहे’ म्हणतो आणि पुढे सरकतो. रडण्यासारखं काय होतं, ते काही कळत नाही.

कळणार तरी कसं? एपिकमधलं कुठलंही गाणं सुटं ऐकलं तर निम्मंच ऐकल्यासारखं होतं. उरलेलं निम्मं आधीच्या गाण्यांत पेरलेलं असतं. म्हणून माझी एकच विनंती: क्रमाने ऐका. बाकी सगळ्या सूचना ऐच्छिक समजा.

आधी थोडी ओळख. मूळचा पोर्तो रिकोचा होर्हे रिवेरा-एरान्स या तरुण संगीतकाराने होमरच्या ‘ओडिसी’वर ही गाण्यांची मालिका रचली. गाणी 40, भाग 9. प्रत्येक भागाला चाहते ‘सागा’ म्हणतात, तेच नाव आपणही वापरू. शब्द त्याचे, चाली त्याच्या आणि नायक ओडिसियसचा आवाजही त्याचाच. कुठल्या मोठ्या नाट्यगृहाने किंवा स्टुडिओने हे काम त्याच्यावर सोपवलेलं नव्हतं. 2021पासून तो टिकटॉकवर अर्धीकच्ची गाणी टाकायचा, ही चाल अशी का बांधली ते समजावून सांगायचा आणि भूमिकांसाठी गायकही तिथेच चाचण्या घेऊन निवडायचा. भारतात टिकटॉक त्याआधीच, जून 2020 मध्ये, बंद झालं होतं. त्यामुळे हे घडताना बघण्याचा आनंद आपल्याकडच्या श्रोत्यांना फारसा मिळाला नाही. आपल्यापर्यंत ही मालिका यूट्यूब आणि इन्स्टाग्रामच्या वाटेने आली, तीही बहुतेक वेळा तुकड्या-तुकड्यांत. आपल्याकडे लोक मधूनच सुरुवात का करतात, याचं एक कारण हेही असावं.

पायरी पहिली: योग्य ध्वनिमुद्रण गाठा

शोधताना नुसतं ‘एपिक’ टाकलंत तर भलतंच काहीतरी हाती लागेल. ‘एपिक द ट्रॉय सागा’ असं लिहा. अधिकृत आवृत्तीच्या नावात ‘ऑफिशियल कॉन्सेप्ट अल्बम’ असे शब्द असतात. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब, सगळीकडे ती आहे. यूट्यूबवर होर्हेच्या स्वतःच्या चॅनेलवरच ऐका, कारण तिथे जुने कच्चे मसुदे, वेग वाढवलेल्या आवृत्त्या आणि दुसऱ्यांनी गायलेली गाणी यांचा नुसता बाजार भरलेला आहे. कच्चे मसुदे नंतर ऐकायला मजेशीर वाटतात. सुरुवातीला ते घोळ घालतात, कारण काही ओळी पुढे बदलल्या आहेत.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. साधे दीडशे-दोनशे रुपयांचे इअरफोनही चालतील, पण दोन्ही कानांत हवेत. आवाज डावी-उजवीकडून येतात, मागे कुजबूज चालते, आणि त्या कुजबुजीतही गोष्ट असते. गाण्याचे शब्द पडद्यावर चालू ठेवा. इंग्रजी अवघड नाही, पण काही ठिकाणी रॅप इतका भरभर येतो की उत्तम इंग्रजी येणाऱ्यांचीही दांडी उडते.

पायरी दुसरी: कथा माहीत करून घ्या, पण थोडीच

आपल्या संगीत नाटकाला जाणाऱ्या प्रेक्षकाला सुभद्रेचं लग्न शेवटी कुणाशी होणार हे पक्कं ठाऊक असायचं. तो जायचा पदांसाठी. ग्रीक पुराणाशी आपली तेवढी सलगी नाही, म्हणून एवढं लक्षात ठेवा: ट्रॉय शहराशी ग्रीकांचं दहा वर्षं युद्ध चाललं. लाकडी घोड्याच्या पोटात सैनिक लपवण्याची युक्ती इथाका बेटाचा राजा ओडिसियस याची. घरी त्याची बायको पेनेलपी आणि तान्हेपणीच मागे सोडलेला मुलगा टेलेमॅकस. युद्ध संपलंय, आता घरी जायचंय. या घरी जाण्याला आणखी दहा वर्षं लागतात.

बस. गोष्ट जवळपास अडीच-पावणेतीन हजार वर्षं जुनी आहे, तेव्हा तो अखेर घरी पोहोचतो हे सांगून मी कुणाचा विरस करत नाहीये. कसा पोहोचतो, आणि पोहोचतो तेव्हा त्याचं काय झालेलं असतं, ते मात्र गाण्यांकडूनच ऐका. विकिपीडिया तूर्त बंद ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. इथे निवेदक नाही, गद्य संवाद अगदी तुरळक. जे घडतं ते गाण्यातच घडतं. त्यामुळे स्वयंपाक करता-करता मागे लावून ठेवलंत तर फोडणी करपेपर्यंत दोन माणसं मेलेली असतील आणि तुम्हाला पत्ता नसेल.

पायरी तिसरी: पहिल्या दोन सागा एका बैठकीत

ट्रॉय सागात पाच गाणी, सायक्लॉप्स सागात चार. मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. या नऊ गाण्यांत अख्ख्या मालिकेचा पाया आहे, म्हणून इथे घाई नको.

पहिल्याच गाण्यात, ‘द हॉर्स अँड द इन्फंट’मध्ये, युद्ध जिंकलं जातं. दुसरी एखादी मालिका जिथे संपली असती तिथे ही सुरू होते. देवांचा राजा झ्यूस ओडिसियसला एक तान्हं मूल दाखवतो. ट्रॉयचा मारला गेलेला वीर हेक्टर याचा हा मुलगा. हा जगला तर मोठा होऊन सूड घेईल, सबब आत्ताच मारायला हवा. ओडिसियसचा स्वतःचा मुलगा घरी जवळपास एवढाच असताना तो सोडून आलाय. पुढचं गाणं ‘जस्ट अ मॅन’ म्हणजे तो बाळाला हातात घेऊन उभा आहे तेवढा वेळ. माणसाचा राक्षस नेमका कधी होतो, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा विचारला जातो. तो लक्षात ठेवा. उत्तराला बरेच महिने लागले, म्हणजे जे लोक सागा येतील तशा ऐकत होते त्यांना. तुम्हाला तासाभरात मिळेल.

मग येतो पोलाइटीस. ओडिसियसचा जिवलग मित्र, ‘ओपन आर्म्स’ हे हलकंफुलकं गाणं त्याचं. जगाला तलवारीने नव्हे, मोकळ्या मनाने भेटावं, असं त्याचं म्हणणं. पहिल्यांदा ऐकताना हे गाणं जरा गोडगोड वाटतं आणि पुढे ढकलावंसं वाटतं. ढकलू नका. त्याच्या लगेच पाठोपाठच्या ‘वॉरियर ऑफ द माइंड’मध्ये बुद्धीची देवता अथीना अगदी उलट बाजू मांडते: डोकं थंड ठेव, भावना आवर, शत्रू शिल्लक ठेवू नकोस. एका कानात मित्र, दुसऱ्या कानात गुरू. उरलेली पस्तीस गाणी म्हणजे या दोघांच्या मध्ये अडकलेला एक माणूस.

सायक्लॉप्स सागात या दोन्ही सल्ल्यांची परीक्षा होते. एकाक्ष राक्षस पॉलिफीमसच्या गुहेत काय घडतं ते मी सांगणार नाही. मात्र ‘रिमेंबर देम’च्या शेवटी ओडिसियस जे करतो त्याकडे नीट लक्ष द्या. तो दया दाखवतो, आणि त्याच दमात, दुःखाने आणि अहंकाराने फुगून, एक अक्षम्य मूर्खपणा करतो. पुढचे सगळे हाल त्या काही सेकंदांतून निघतात.

पायरी चौथी: आता वाद्यांकडे कान लावा

ही खरी गंमत, आणि नव्या माणसाला कुणी सांगितल्याशिवाय सहसा लक्षात न येणारी. महत्त्वाच्या पात्रांना आपापली वाद्यं आहेत. ओडिसियसची गिटार. अथीनाचा पियानो. समुद्रदेव पोसायडनचा ट्रम्पेट. पेनेलपीची व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोडी जाड आवाजाची मोठी बहीण. जिथे देवादिकांची जादू येते तिथे इलेक्ट्रॉनिक आवाज डोकावतात.

याचा फायदा असा की पात्र बोलायच्या आधीच ते आलंय हे कानांना कळतं. ‘वॉरियर ऑफ द माइंड’ पियानोवर कसं उभं आहे ते ऐका आणि मग सायक्लॉप्स सागातलं शेवटचं गाणं ‘माय गुडबाय’ लावा. पियानो तोच, ओळखीची चालही डोकावते, पण आता गुरू-शिष्य एकमेकांना बोचकारताहेत. टीगन अर्लीने अथीना गायलीये, आणि इथे तिच्या आवाजातला दुखावलेपणा ती रागाने झाकायला बघते तो भाग मला अख्ख्या मालिकेत सगळ्यात आवडतो. यानंतर अथीना गोष्टीतून निघून जाते ती थेट सातव्या सागातच परतते. एवढी मोठी गैरहजेरी सहन करायची तयारी ठेवा.

वाद्यांसारख्याच धुनाही परत येतात. ‘ओपन आर्म्स’ची धून सहाव्यात, आठव्यात कुठेही शोधत बसायची गरज नाही. पाचव्या, अंडरवर्ल्ड सागाच्या पहिल्याच गाण्यात, जिथे ओडिसियस मृतांच्या देशातून नाव हाकतोय, तिथे ती येते, आणि ज्याने ते गाणं पहिल्या सागात पुढे ढकललं होतं तो इथे कोराच्या कोरा राहतो. मी ‘क्रमाने ऐका’ म्हणून जो आटापिटा करतोय तो एवढ्यासाठी.

पायरी पाचवी: मधल्या सागा, रोज एक

ओशन, सर्सी, अंडरवर्ल्ड आणि थंडर. या चार सागा सलग ऐकू नका, दम लागेल. रोज एक पुरे. मूळ श्रोत्यांना तर याहून कितीतरी जास्त थांबावं लागलं. पहिली सागा 25 डिसेंबर 2022ला आली, दुसरी जानेवारी 2023 मध्ये, आणि तिसरीसाठी लोकांना थेट पुढच्या नाताळापर्यंत ताटकळावं लागलं. मग 2024 मध्ये गाडी सुसाट सुटली आणि शेवटची सागा 25 डिसेंबर 2024ला आली. तारखाही मुद्दाम निवडलेल्या दिसतात: मोहिनी घालणाऱ्या सर्सीची सागा 14 फेब्रुवारीला, विजेचा कडकडाट करणाऱ्या झ्यूसची थंडर सागा अमेरिकेत फटाके उडतात त्या 4 जुलैला, आणि सूडाची व्हेन्जन्स सागा 31 ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी.

ओशन सागातलं ‘कीप युवर फ्रेंड्स क्लोज’ जरा जवळून बघू, म्हणजे ही गाणी किती काम एकदम करतात ते लक्षात येईल. वाऱ्याची देवता ओडिसियसला एक पिशवी देते. सगळं वादळ आत कोंडलेलं आहे, फक्त ती उघडू द्यायची नाही. पण वाऱ्याचे खट्याळ चेले खलाशांच्या कानात भरवून देतात की आत खजिना आहे. झालं. आता ओडिसियसला आपल्याच माणसांवर पहारा ठेवणं भाग आहे. नऊ दिवस तो झोपत नाही. गाण्यात हे दिवस सरतात, त्याचा आवाज जड होत जातो, इथाकाचा किनारा दिसायला लागतो. किनारा दिसतो तेव्हाच डोळा लागतो. स्वप्नात बायको-मुलगा भेटतात, चाल मऊ होते, आणि आपणही क्षणभर फसतो. जाग येते ती पिशवी उघडण्याच्या बेतात असताना. ही पिशवी विसरू नका, आठव्या सागात ती पुन्हा कामाला येणार आहे.

लगेच पुढे ‘रुथलेसनेस’. पोसायडन पहिल्यांदा समोर येतो. स्टीव्हन रॉड्रिगेझचा हा आवाज ऐकून बरेच लोक खलनायकाच्याच बाजूचे होतात, त्यांना दोष देता येत नाही. त्याचं तत्त्वज्ञान सरळ आहे: तू दया दाखवलीस, म्हणून तुझी माणसं मरताहेत. गाणं संपतं तेव्हा 600 माणसांपैकी 43 उरलेली असतात. पोलाइटीसच्या मोकळ्या मनाला मिळालेलं हे सगळ्यात क्रूर उत्तर, आणि वाईट म्हणजे ते पटतं. इथून पुढे कोण किती उरले याचा हिशेब कानाआड करू नका.

सर्सी सागा त्यानंतर विसाव्यासारखी वाटते. देवांचा दूत हर्मीस याचं ‘वुडन्ट यू लाइक’ ऐकताना पाय आपोआप ताल धरतात. अंडरवर्ल्ड सागा तीनच गाण्यांची, पण मालिकेचं वळण तिथेच आहे. ‘मॉन्स्टर’मध्ये ओडिसियस दुसऱ्या सागापासून भेटलेल्या प्रत्येक शत्रूचा विचार करतो, त्यांनी जे केलं ते का केलं हे तपासतो आणि आपलं उत्तर ठरवतो. ‘जस्ट अ मॅन’मधला प्रश्न आठवतोय ना?

थंडर सागा मात्र दिवसा ऐका, रात्री झोपण्यापूर्वी नको. ‘सिला’मध्ये सहा मशाली पेटवायचा हुकूम सुटतो. सहा डोकी असलेला राक्षस वाटेत आहे. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे ज्या क्षणी खलाशांच्या आधी तुम्हाला कळतं, त्या क्षणी पोटात खड्डा पडतो. पुढच्या ‘म्युटिनी’त उपकप्तान युरिलोकस आणि ओडिसियस समोरासमोर येतात. चाहत्यांमध्ये युरिलोकसला शिव्या घालायची फॅशन आहे. मला तो या गलबतावरचा सगळ्यात खरा माणूस वाटतो: भ्यायलेला, भुकेलेला, चुका करणारा, पण आपल्या माणसांची काळजी असणारा. ‘लक रन्स आउट’ आणि ‘पपेटियर’ पुन्हा ऐकलीत तर त्याची बाजूही पटेल.

पायरी सहावी: थंडरनंतर एक दिवस काहीच ऐकू नका

‘थंडर ब्रिंगर’ संपल्यावर लगेच पुढे जायचा मोह होतो. आवरा. पुढच्या, विस्डम सागाची सुरुवात एकदम उजेडात होते: इथाकात वीस वर्षांचा झालेला टेलेमॅकस, आईच्या मागे लागलेले 108 उपटसुंभ, आणि परतलेली अथीना. ‘लेजेंडरी’तला तो कोवळा उत्साह, आधीचा अंधार ताजा असताना ऐकला तर उथळ वाटतो. एक दिवस मध्ये गेला की बरोबर लागतो.

याच सागात ‘लव्ह इन पॅरडाइज’ सुरू होतं तेव्हा आतापर्यंतच्या गाण्यांचे तुकडे एकामागून एक झरझर निघून जातात. अथीना ओडिसियसच्या आठवणी चाळतेय. क्रमाने आलेल्या माणसासाठी ही मेजवानी, मधूनच आलेल्यासाठी नुसता गोंगाट. मग ‘गॉड गेम्स’. बेटावर अडकलेल्या ओडिसियसला सोडवण्यासाठी अथीनाला अपोलो, हेफेस्टस, ॲफ्रोडायटी, एरीस आणि हेरा यांना एकेक करून पटवायचं असतं. प्रत्येकाची हरकत आधीच्या एखाद्या प्रसंगावरून आलेली आहे, आणि प्रत्येकासाठी गाण्याचा बाज बदलतो. हेराचं मन फार पटकन वळतं, ही माझी जुनी तक्रार. एवढ्या मानी देवीला एक कडवं जास्त मिळायला हवं होतं.

कॅलिप्सोबद्दलही थोडी कुरकुर करून घेतो. सात वर्षं एका माणसाला बेटावर अडकवून ठेवणाऱ्या तिच्या ‘नॉट सॉरी फॉर लव्हिंग यू’ या गाण्याची चाल सुंदर आहे, पण सहानुभूती जरा स्वस्तात वाटून टाकली आहे. चाहत्यांमध्ये यावरून अजून वाद होतात. तुम्ही ऐका आणि तुमची बाजू ठरवा.

पायरी सातवी: शेवटच्या दोन सागा, आणि एक इशारा

व्हेन्जन्स आणि इथाका जमल्यास एकत्र ऐका. ज्या तुकड्यामुळे तुम्ही इथवर आलात तो ‘गेट इन द वॉटर’ आता व्हेन्जन्समध्ये येईल. या वेळी पोसायडन नुसता दरडावत नाहीये हे तुम्हाला माहीत असेल. पुढच्या ‘सिक्स हंड्रेड स्ट्राइक’च्या नावातला आकडाही आता सांगावा लागणार नाही. ‘रुथलेसनेस’मधलं पोसायडनचं तत्त्वज्ञान त्यालाच परत केलं जातं, पिशवी उघडते, आणि नायकाबद्दल वाटणारा आनंद हळूहळू अस्वस्थतेत बदलतो. हा बदल मुद्दाम केलेला आहे. ओडिसियस इथे जे करतो ते ऐकायला सोपं नाही.

इशारा असा: मालिकेत हिंसा भरपूर आहे. सुरुवातीलाच तान्ह्या बाळाचा प्रसंग येतो. इथाका सागातल्या ‘होल्ड देम डाउन’मध्ये त्या उपटसुंभांचा म्होरक्या अँटिनस आणि त्याची टोळी टेलेमॅकसला मारण्याचा आणि पेनेलपीवर अत्याचार करण्याचा बेत आखतात, तोही चांगल्याच ठसक्याच्या चालीवर. घरातली लहान मुलं ‘रील्सवरची गाणी’ म्हणून हे ऐकत असतील तर आईवडिलांनी आधी स्वतः ऐकून घ्यावं.

शेवटचं गाणं ‘वुड यू फॉल इन लव्ह विथ मी अगेन’. त्यातली व्हायोला ऐका. वीस वर्षं वाट पाहिलेली बायको नवऱ्याची परीक्षा घेते, ती एका पलंगावरून. याहून जास्त सांगत नाही.

पायरी आठवी: ॲनिमॅटिक आता बघा, आधी नव्हे

एपिकची चित्रं हा वेगळाच प्रांत आहे. ॲनिमॅटिक म्हणजे गाण्यावर जुळवलेली, अर्धवट हलणारी रेखाटनं. जगभरच्या चित्रकारांनी स्वखुशीने ती काढली आणि पुढे नवी सागा प्रसिद्ध होताना होर्हे थेट प्रक्षेपणात अशीच ॲनिमॅटिक्स दाखवू लागला. एकाच गाण्याची दहा ॲनिमॅटिक्स सापडतात आणि दहाही वेगळी. कुणाचा पोसायडन मासोळीसारखा लवलवता, कुणाचा दगडी कड्यासारखा. ‘सिला’ची तर चार-पाच बघाच. मशाल कुणाच्या हातात कधी जाते, हे दाखवण्यात चित्रकारांची खरी कसोटी लागते.

आधी बघू नका एवढ्यासाठी म्हणतो की दुसऱ्याने काढलेला चेहरा एकदा डोक्यात बसला की निघत नाही. आधी कानांना त्यांचं काम करू द्या. आणि एखादं ॲनिमॅटिक आवडलं तर कुठल्या तरी संकलित व्हिडिओवर न थांबता चित्रकाराच्या मूळ चॅनेलवर जा. काम त्याचं, तर पसंतीही त्याच्याच पदरात पडू दे.

पायरी नववी: हौस असेल तर होमर

इथवर आलेल्यांपैकी काही जण ‘ओडिसी’ उघडतातच. इंग्रजीत वाचणार असाल तर एमिली विल्सनचं 2017चं भाषांतर सोपं आणि वेगवान आहे. मात्र एपिक डोक्यात ठेवून वाचलंत तर धक्के बसतील. होमर गोष्ट सरळ सांगत नाही. तो सुरुवात करतो टेलेमॅकसपासून, आणि राक्षस, सर्सी, मृतांचा देश हे सगळं ओडिसियस पुढे फिएशियन लोकांच्या दरबारात स्वतःच्या तोंडाने सांगतो. एपिकमध्ये तो दरबारच नाही. होमरच्या त्या दरबारात, थापा मारण्यात पटाईत असलेला हा माणूस स्वतःच्या पराक्रमाचा एकमेव साक्षीदार आहे, ही होमरची मिश्कील गंमत त्यामुळे एपिकमध्ये हरवते.

उलट काही गोष्टी होर्हेने कमावल्या. होमरचा पोलाइटीस दोन-चार ओळींत येतो, तोही सर्सीच्या दाराशी, म्हणजे राक्षसाच्या गुहेतून जिवंत सुटल्यावर. एपिकने त्या नावाभोवती अख्ख्या मालिकेचं काळीज उभं केलं. होमरमध्ये बारापैकी अकरा जहाजं नरभक्षक राक्षस फोडतात. एपिक ते काम पोसायडनकडे देतं, त्यामुळे वैर वैयक्तिक होतं. आणि होमरचा ओडिसियस सर्सीजवळ वर्षभर मजेत राहतो, शय्यासोबतीसकट. एपिकचा ओडिसियस बायकोची आठवण काढून नकार देतो. इथे मला होमर जास्त प्रामाणिक वाटतो, पण हे मत चाहत्यांच्या गर्दीत मोठ्याने मांडायचं असेल तर दाराजवळची जागा धरा.

पायरी दहावी: दुसऱ्याला लावताना

आता तुम्हाला कुणाला तरी हे ऐकवल्याशिवाय राहवणार नाही. सगळ्यात गाजलेला तुकडा पाठवू नका. संगीत नाटक किंवा चित्रपटसंगीत आवडणाऱ्याला ‘वॉरियर ऑफ द माइंड’ पाठवा. हिपहॉप ऐकणाऱ्या धाकट्या भावाला ‘मॉन्स्टर’ पाठवायचा मोह होईल, पण त्यालाही आधी ‘द हॉर्स अँड द इन्फंट’ द्या. त्यात लढाईची धडाडी आहे आणि शेवटी असा प्रश्न आहे की पुढचं गाणं तो स्वतःच लावेल. पौराणिक कथांची आवड असलेल्या काका-मावशींना सोबत बसून ऐकवा आणि प्रत्येक गाण्याआधी कथेची दोन वाक्यं मराठीत सांगा. इंग्रजी शब्द निम्मे सुटले तरी आवाज आणि वाद्यं बरंच पोहोचवतात.

एखाद्याला ट्रॉय सागा ऐकूनही काही वाटलं नाही, तर सायक्लॉप्स संपेपर्यंत थांबायची गळ घाला. ‘माय गुडबाय’नंतरही तो फोन बघत बसला असेल तर सोडून द्या, त्याला वेगळं काहीतरी आवडत असेल.

स्वतः गाऊन बघायचं असेल तर ‘ओपन आर्म्स’पासून सुरुवात करा, चाल सोपी आहे आणि जोडीला एक मित्र लागतो. ‘गॉड गेम्स’ पाच-सहा जणांत वाटून गाता येतं, पण झ्यूस कोण होणार यावरून भांडणं होतात, तेव्हा चिठ्ठ्या टाका.